देणगीत मशीन मिळवून सामुदायिक वर्कशॉप काढताय? या चुका टाळा

सातपूर-अंबड असो, भोसरी असो की कोल्हापूरची शिरोली, एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या शेडच्या मागे डोकावलं की ताडपत्रीखाली एखादं लेथ (धातू गोल फिरवून तासायचं मशीन), पट्टा निघालेलं पिलर ड्रिल किंवा गंजायला लागलेला शेपर हमखास सापडतो. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आलं, कामं बदलली, ही मशीनं बाजूला पडली. सुरुवातीचा धंदा त्यांच्यावर उभा राहिलेला असल्यामुळे मालकाला ती भंगारात घालवत नाहीत, आणि वापर तर होत नाहीच. त्यामुळे गावात किंवा वस्तीत चार जण मिळून सगळ्यांसाठी खुलं वर्कशॉप काढायचं ठरवतात तेव्हा "मशीन देणगीत मिळवू" हा विचार चुकीचा नसतो. मशीन मिळतंही. घोळ होतो तो त्याच्या आधी आणि नंतर.

अशा मंडळींबरोबर मशीन बघायला, उचलायला, बसवायला जाणं हा माझा जुना उद्योग आहे. जी वर्कशॉप बंद पडली त्यांच्याकडे मशीनची टंचाई मला क्वचितच दिसली. उलट नको ती मशीनं इतकी भरलेली असायची की कामाला उभं राहायला जागा नाही, आणि जे एक मशीन रोज लागतं त्याचा चक (सळई किंवा बिट पकडणारा भाग) हरवलेला.

मशीनआधी काम बघायचं, हा धडा आपल्याकडे पाबळने कधीच दिलेला आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. पोरांनी हाताने काम करत शिकायचं, आणि शिकताना गावाला लागणारी खरी कामंच करून द्यायची, ही तिथली रीत. 2002 मध्ये अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब (लेझर कटरसारख्या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा) तिथे उभी राहिली, याचं कौतुक सगळे करतात. पण त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं वेल्डिंग, फॅब्रिकेशन, बांधकाम, वीजजोडणी असल्या साध्या कामांची होती, हे लेझर कटरचं स्वप्न बघणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

"जे असेल ते द्या" असं मागणं

हा मेसेज तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर नक्की वाचला असेल: "आम्ही समाजासाठी वर्कशॉप सुरू करत आहोत. जुनी मशिनरी, हत्यारे, कॉम्प्युटर, फर्निचर काहीही चालेल. कृपया सहकार्य करावे." लग्नात "आहेर आणू नये" छापलं नाही की सहा लेमन सेट आणि चार भिंतीवरची घड्याळं येतात, तसं इथे होतं. बॅटरी मेलेले यूपीएस, चाक तुटलेल्या खुर्च्या, जाड काचेचे जुने मॉनिटर. देणाऱ्याचं गोदाम रिकामं होतं आणि तुमचं भरतं.

यादी मशीनपासून सुरू करू नका, कामापासून करा. पहिल्या सहा महिन्यांत दारात कोण येणार आहे आणि काय घेऊन येणार आहे? शेतीचं गाव असेल तर कोळप्याचं पातं, ट्रॉलीचा हूक, गेटची बिजागरी, पाइपाची फ्लँज. शहरातली सोसायटी किंवा वस्ती असेल तर खुर्चीचा पाय, मिक्सर, इस्त्री, सायकल, शिलाई मशीन, शाळेच्या पोरांचे प्रकल्प. ही दहा-पंधरा कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे कोणतं हत्यार लागतं ते लिहा.

शेतीच्या गावाचा कागद भरला की बहुतेक वेळा एवढंच उरतं: 200 अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, 4 इंची अँगल ग्राइंडर, 14 इंची कट-ऑफ मशीन, 13 मिमी चकचं पिलर ड्रिल, दोन चांगले बेंच वाईस, आणि पाने, टॅप-डाय, फायली, हॅकसॉ. लेथ? माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी नको. तालुक्याच्या गावात टर्नर (लेथवर काम करणारा) असतो, महिन्यातून दोन वेळा लागणारं काम त्याच्याकडून करून घ्या. लेथ दिसायला भारदस्त असतं, उद्घाटनाच्या फोटोत छान येतं, म्हणून सगळ्यांना तेच आधी हवं असतं.

मग मागणी अशी लिहा:

"आमच्या गावातल्या वर्कशॉपसाठी खालील वस्तू हव्या आहेत. पिलर किंवा बेंच ड्रिल, 13 मिमी, सिंगल फेज, चालू किंवा मोटर जळालेलं चालेल. बेंच वाईस 6 इंची, दोन नग, जबड्याच्या पट्ट्या झिजलेल्या चालतील. पान्यांचा सेट 6 ते 32, एखाददुसरा कमी असला तरी चालेल. जुने मॉनिटर, यूपीएस, पॉवर प्रेस आणि एअर कॉम्प्रेसर आम्ही घेत नाही. येऊन बघू, उचलण्याचा खर्च आमचा."

यातली "काय चालेल" आणि "काय घेत नाही" ही दोन वाक्यं सोन्याची आहेत. देणाऱ्याला कळतं की समोरच्याला काम माहीत आहे. "जबड्याच्या पट्ट्या झिजलेल्या चालतील" हे वाचून स्टोअरमधला माणूस उठून कोपऱ्यातला वाईस बघायला जातो. "काहीही चालेल" वाचून कुणी उठत नाही.

जागा आणि वीज ठरण्याआधी हो म्हणणं

समाजमंदिराची मागची खोली मिळाली, मंडळाचा हॉल मिळाला, एखाद्याने जुना गोठा दिला. जागा मिळाल्याच्या आनंदात तीन गोष्टी कुणी मोजत नाही. दाराची किंवा शटरची रुंदी. जमीन शहाबादी फरशीची आहे की खाली पीसीसी (साधं काँक्रीट) आहे. आणि मीटर.

वीज हा यातला सगळ्यात चिवट विषय आहे. कारखान्यातून येणारं जवळजवळ प्रत्येक मशीन थ्री फेज, 415 व्होल्टचं असतं. समाजमंदिराचं मीटर सिंगल फेज. थ्री फेजसाठी महावितरणकडे अर्ज, मंजूर भार, जागेची कागदपत्रं, अनामत रक्कम, आणि जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची संमती. हे सगळं होईपर्यंत मशीन ताडपत्रीखालीच राहतं, फक्त ताडपत्री आता तुमची असते.

गावाकडे यावर एक झटपट उपाय सुचवला जातो: "शेजारच्या विहिरीवर थ्री फेज आहे की, तिथून वायर ओढू." हे करू नका. शेतीचं कनेक्शन दुसऱ्या कामाला वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो, दंड ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला बसतो, आणि शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीने येते. पाळी रात्रीची असली तर वर्कशॉप रात्री दोनला उघडणार का?

लहान मोटर असेल तर मधला मार्ग आहे. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) 2-3 एचपीपर्यंत सहज मिळतात. मात्र त्यातले बहुतेक तीन फेज 230 व्होल्टचेच देतात. मोटरच्या नेमप्लेटवर 415 व्होल्ट स्टार (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) लिहिलेलं असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोकं बाहेर आलेली असतील, तर ती डेल्टात जोडून असा व्हीएफडी चालवता येतो. तीनच टोकं बाहेर असतील तर मोटर उघडावी लागेल किंवा सरळ सिंगल फेजची दुसरी बसवावी लागेल. म्हणून मशीन बघायला जाताना टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडून फोटो काढायचा. दोन स्क्रूंचं काम आहे.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो. नवीन खड्डा घ्या. नळाच्या पाइपाला वायर बांधणं म्हणजे अर्थिंग नव्हे.

चुकीच्या दारावर जाणं

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. मोठ्या कंपनीचं नाव दिसलं की लोक सीएसआर (कंपनीने सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या) विभागाला मेल टाकतात: "आपल्याकडील जुनी मशीनं द्यावीत." उत्तर येत नाही. मग "कंपन्या फक्त फोटोपुरतं करतात" अशी तक्रार सुरू होते.

कारण साधं आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 खर्चाबद्दल बोलतं: पात्र कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्च करायची. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने 2021 च्या खुलाशात स्पष्ट केलंय की वस्तू देऊन तिची किंमत सीएसआर खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे जुनं लेथ दिल्याने त्या विभागाच्या हिशेबात एक रुपयाही भरत नाही. त्यांच्याकडे मागायचं ते नवीन हत्यारांसाठी, वायरिंगसाठी, प्रशिक्षकाच्या मानधनासाठी. जुनं मशीन असतं मेंटेनन्सच्या, टूलरूमच्या किंवा स्टोअरच्या ताब्यात, आणि निर्णय असतो प्लांट हेडचा.

शिवाय सीएसआरचं कलम सगळ्यांना लागूच नाही. 500 कोटी नक्त मालमत्ता, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यातलं काहीतरी असावं लागतं. वीस कामगारांच्या शेडवाल्या शेठना सीएसआर प्रस्तावाची पंधरा पानी फाइल देणं म्हणजे त्यांची करमणूक. त्यांना एक पान आणि एक फोन नंबर पुरतो.

मोठ्या कंपनीत अजून एक अडथळा असतो. एकदा वस्तू स्क्रॅप यार्डात गेली की ती वार्षिक ठेक्यात मोजली जाते, आणि भंगाराचा ठेका कोणाकडे असतो आणि का, हे एमआयडीसीत राहणाऱ्याला सांगायला नको. त्या वाटेत तुम्ही पडू नका. वस्तू यार्डात जायच्या आधी, ती अजून शॉप फ्लोअरच्या कोपऱ्यात असताना बोलणी व्हायला हवीत.

खरी देणगी कुठून येते ते सांगतो. साठी ओलांडलेला मालक, ज्याचा मुलगा आयटीत आहे किंवा परदेशी आहे आणि शेड भाड्याने जायची आहे. निवृत्तीला आलेला टूलरूमचा फोरमन, ज्याला कुठे काय पडलंय ते पाठ आहे. अभ्यासक्रम बदललेलं इंजिनिअरिंग कॉलेज. यांच्यापर्यंत पोचायला उद्योजकांच्या संघटना बऱ्या: पुण्यात एमसीसीआयए, नाशिकला निमा आणि आयमा, कोल्हापूरकडे गोशिमा आणि स्मॅक. त्यांच्या सभेत दोन मिनिटं बोलायला मिळाली तर शंभर मेलपेक्षा बरं.

आणि वेळ साधा. खंडेनवमीच्या आधीचा आठवडा उत्तम. त्या आठवड्यात प्रत्येक शेड धुऊन पुसून निघते, कोपऱ्यातली मशीनं हलवली जातात, आणि "याचं काय करायचं?" हा प्रश्न मालकाच्या तोंडावर असतो. तेव्हा समोर तुम्ही असलात तर उत्तर तयार असतं. दुसरी वेळ मार्चची, हिशेब बंद करताना. मे महिन्यात जाऊ नका, निम्मे कामगार गावाला आणि मालक लग्नात.

फोटो बघून मशीन पक्कं करणं

फोटोत रंग दिसतो, झीज दिसत नाही. जाताना निवृत्त टर्नर किंवा फिटर बरोबर घ्या. जुने लोक आवडीने येतात, आणि देणाराही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतो. लेथ बघायचं असेल तर त्यांच्याबरोबर एवढं कराच.

सॅडल (बेडवर म्हणजे लेथच्या लांब रुळावर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) चकच्या जवळ आणा आणि लॉकचा बोल्ट हलका आवळा, इतका की सॅडल जड पण सरकता राहील. आता हँडल फिरवत टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाला असलेल्या आधाराकडे) न्या. जुन्या लेथवर बहुतेक काम चकजवळ झालेलं असतं, म्हणून बेड तिथेच झिजते. चकजवळ मोकळं चाललेलं सॅडल दुसऱ्या टोकाला जाता जाता घट्ट होऊन अडलं तर झीज भरपूर आहे. बुशिंगा वळवायला, पिना करायला असं लेथ चालेल. लांब शाफ्ट मात्र त्यावर सरळ होणार नाही.

मग चकमध्ये जाड सळई धरा, बाहेर फूटभर ठेवा आणि हाताने वर-खाली ढकला. डायल गेज असेल तर सुई बघा, नसेल तर हातालाही कळतं. स्पिंडलचा (चक फिरवणाऱ्या दांड्याचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, बेअरिंग आवळून जात असेल तर ठीक, नाहीतर बेअरिंगचा खर्च धरा. क्रॉस स्लाइडचं हँडल उलट-सुलट फिरवून मोकळा फेरा किती येतो ते बघा. थोडा येणारच, जुन्यात तो धरूनच काम करतात. शेवटी हेडस्टॉकचं (चकमागच्या गिअरच्या पेटीचं) झाकण उघडून गिअरचे दात मोजा. तुटलेला दात झाकणाखालीच असतो, आणि झाकण उघडायला कुणी सुचवत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: चकची चावी, उलटे जबडे, आटे पाडायचे सुटे गिअर, टूलपोस्टची चावी, डेड सेंटर. हे सगळं त्याच वेळी गोळा करून एका पोत्यात घाला आणि पोतं स्वतःच्या गाडीत ठेवा. "नंतर पाठवतो" म्हटलेले गिअर आजवर कुणाकडे पोचलेले माझ्या पाहण्यात नाहीत. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला ते सापडतच नाहीत.

ड्रिलसाठी तपासणी सोपी: चकमध्ये सरळ बिट लावून फिरवा, टोक गरगरतंय का बघा. ग्राइंडर घ्यायचा तर त्यावरचं जुनं चाक काढून टाका, नवीन बसवा. वर्षानुवर्षं ओलीत पडलेलं चाक फुटलं तर ते तोंडावर येतं.

नाही म्हणायला लाजणं

देणाऱ्याने चहा पाजला, मशीनची हकिगत सांगितली, "हे वडिलांनी घेतलेलं" म्हणाला, आणि मग जे दाखवलं ते तुमच्या कामाचं नाही. इथे बहुतेक जण "बघू, न्यायला येतो" म्हणतात आणि दोन्हीकडून अवघडून बसतात.

काही गोष्टींना तिथल्या तिथे नाही म्हणायचं. पॉवर प्रेस, विशेषतः पायाने चालणाऱ्या क्लचची. ऑटो पार्ट बनवणाऱ्या भागात बोटं गमावलेले कामगार ज्याने पाहिलेत त्याला कारण सांगावं लागत नाही. जिथे शिकाऊ माणूस, पोरं, शेजारपाजारचे लोक येणार, तिथे हे मशीन नको म्हणजे नको. गार्ड नसलेला टेबल सॉ आणि उघड्या पट्ट्याचं रंधा मशीनही तसंच. जुना एअर कॉम्प्रेसर बाहेरून रंगवलेला असला तरी टाकी आतून पाण्याने खाल्लेली असते. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) करून घ्यायची तयारी नसेल तर टाकी सोडून नुसती मोटर आणि हेड मागा. जुनी तेलाची वेल्डिंग सेट दोन फेजवर चालतात, तुमचं मीटर सिंगल फेज असेल तर ती शोभेची.

कॉम्प्युटरचं वेगळं आहे. कंपन्यांना ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडेच द्यावा लागतो, आणि तो खर्च-खटाटोप टाळायला "देणगी" हा सोयीचा शब्द आहे. चालू करून दाखवला तरच घ्या, आणि पत्रावर "चालू स्थितीत" लिहून घ्या. नाहीतर उद्या त्यांचा कचरा तुमच्या नावावर.

नाही कसं म्हणायचं? "काका, मशीन चांगलं आहे, पण आमच्याकडे पोरं असतात, हे चालवायला जाणता माणूस नाही. तुमच्याकडे वाईस किंवा मायक्रोमीटर पडलेला असेल तर तो मात्र नेतो." मी तरी यावर कुणी रागावलेलं पाहिलेलं नाही. बऱ्याचदा काका ड्रॉवर उघडतात, आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं असं काही निघतं की वाकून नमस्कार करावा.

कागदाकडे दुर्लक्ष

थोडक्यात सांगतो, कारण तपशील तुमच्या सीएने बघायचा आहे.

वस्तूच्या देणगीवर 80जीची (1961 च्या प्राप्तिकर कायद्यातली, देणगीदाराला मिळणारी) सूट मिळत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीवर आहे, आणि रोख असेल तर 2000 रुपयांपर्यंतच. देणाऱ्याला "80जी देतो" असं मशीनसाठी कबूल करू नका. पुढच्या वर्षी त्याच्या सीएने झापलं की तुमचं नाव खराब.

मशीन घेताना मालकाने जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं असेल तर ते फुकट दिलं तरी कर लागू शकतो. म्हणूनच पुष्कळ मालक म्हणतात, "बिडाच्या भावाने बिल करतो, तेवढे भरा." हा कंजूसपणा नाही, हिशेब आहे. वजनावर किंमत लावा, बिल घ्या. व्यवहार स्वच्छ राहतो आणि मशीन कोणाचं यावर पुढे वाद होत नाही. राज्यातल्या राज्यात मालाचं मूल्य एक लाखाच्या वर दाखवलं असेल तर ई-वे बिलाचंही (मालवाहतुकीच्या ऑनलाइन पावतीचं) विचारा.

सीएसआरमधून पैसे हवे असतील तर ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम 8 ची (ना-नफा) कंपनी, प्राप्तिकराची 12ए आणि 80जी नोंदणी, आणि 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा झालेला सीएसआर-1 नोंदणी क्रमांक लागतो. हे नसेल तर आधीपासून नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेच्या छताखाली सुरुवात करा. नुसत्या वर्कशॉपसाठी पहिल्याच वर्षी ट्रस्ट काढायची घाई मला पटत नाही.

आणि "वापरायला दिलं" की "कायमचं दिलं", हे एका ओळीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. वडिलांनी तोंडी दिलेलं मशीन मुलगा तीन वर्षांनी परत मागायला येतो, तेव्हा तुम्ही त्यात नवीन मोटर घातलेली असते.

"चार पोरं बोलावू, उचलू"

सहा फुटी हलकं लेथसुद्धा अर्ध्या टनाच्या पुढे जातं, आणि बहुतेक वजन हेडस्टॉकच्या बाजूला असतं. उचलताना पट्टा बेडखालून घ्यायचा. लीड स्क्रूला किंवा स्पिंडलला दोरी बांधली की तो वाकलाच. सॅडल आणि टेलस्टॉक शेवटच्या टोकाला सरकवून लॉक करा, तोल थोडा सावरतो. मशीन शिफ्टिंगची माणसं पहार, पाइपाचे रूळ आणि चेन ब्लॉकवर हे काम शांतपणे करतात. त्यांचे पैसे वाचवू नका.

हायड्राचं (चाकांवरच्या क्रेनचं) भाडं दोन वेळा धरा, एकदा चढवायला आणि एकदा उतरवायला. छोटा हत्ती अशा लेथला अपुरा पडतो, मोठा टेम्पो सांगा. गेटवर माथाडी कामगारांची व्यवस्था काय आहे आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कोण देणार, हे आदल्या दिवशी देणाऱ्यालाच विचारा. गाडी भरल्यावर हा विषय निघाला की संध्याकाळ होते. आणि जून ते सप्टेंबर उघड्या गाडीतून मशीन आणायचं झालं तर बेडला ग्रीस फासून मगच निघा.

बसवलं, पण चालत नाही

नवीन जागी आलेल्या जुन्या मशीनची दुखणी ठरलेली असतात.

मोटर घुमते पण फिरत नाही: लगेच बंद करा. एक फेज येत नाहीये. फ्यूज, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट, मग टर्मिनल बॉक्स, या क्रमाने बघा. तशीच ठेवली तर दोन मिनिटांत वाइंडिंग जळतं.

उलटी फिरते: थ्री फेजमधल्या कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा. स्पिंडलला आटे असलेल्या लेथवर चक उलट दिशेने जोरात फिरला तर सुटून बाहेर येऊ शकतो, म्हणून पहिली चाचणी चक काढून करा.

चालू करताच ब्रेकर पडतो: मोटर ओल धरून बसलेली असते. बंद मशीन पावसाळ्यानंतर थेट चालू करायचंच नसतं. इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्या, कमी आलं तर मोटर सुकवा.

हेडस्टॉक गरम होतो: जुनं तेल चिकट डांबर झालेलं असतं. रिकामं करा, रॉकेलने धुवा, नवीन भरा, आणि आधी हाताने फिरवा.

सळई एका बाजूला निमुळती होते: लगेच बेडला दोष देऊ नका. आधीच्या जागी मशीन लेव्हलमध्ये होतं, तुमच्या फरशीवर ते पिळलं गेलंय. पायांखाली पॅकिंग घालून लेव्हल करा, मग टेलस्टॉकचं सेंटर जुळवा. झिजलेली बेड हा शेवटचा संशय.

मशीन सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही

प्रत्येक मशीनला एक माणूस नेमा. त्याचं नाव मशीनवर लिहा, देणाऱ्याच्या पाटीइतक्याच अक्षरात. तेल कधी घातलं, काय तुटलं, कोणाला चालवायला परवानगी आहे, हे तो सांगेल. चावी त्याच्याकडे. लेथ आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, ओढणी आणि मोकळे केस बांधायचे, चष्म्याशिवाय ग्राइंडरला हात लावायचा नाही. हे नियम भिंतीवर कमी आणि त्या माणसाच्या तोंडात जास्त असावेत.

पैसे मशीनसाठी लागले नाहीत म्हणून पैसेच लागणार नाहीत असं नाही. पट्टा, बेअरिंग, ड्रिल बिट, वेल्डिंग रॉड, कटिंग व्हील, वीजबिल यांचा खर्च पहिल्या महिन्यापासून चालू होतो. बाहेरच्या माणसाकडून कामाचे माफक पैसे घ्यायला लाजू नका. आणि देणगीदार "आणखी काही लागतं का?" असं विचारतो तेव्हा दुसरं मशीन सांगण्यापेक्षा वर्षभराचे ड्रिल बिट आणि कटिंग व्हील सांगा.

देणगीच्या पत्रात आणखी एक ओळ घालायला विसरू नका: "वर्षभर वापर न झाल्यास संस्था हे मशीन दुसऱ्या वर्कशॉपला किंवा आयटीआयला देऊ शकेल." बहुतेक देणारे यावर आनंदाने सही करतात. त्यांना मशीन चाललेलं हवं असतं, ते कोणाच्या छपराखाली चालतं याची फारशी फिकीर नसते.